एका मुळाचे वन



उसाची कापणी झाली की शेत बोडके दिसू लागते आणि थोड्याच आठवड्यांत त्याच बुंध्यांतून हिरवे कोंब वर येतात. नवे बेणे कोणी लावलेले नसते. भारतातील शेतकरी यास खोडवा म्हणतात. आपल्या मळ्यांत रपूस हा शब्द रूढ झाला. वरचा ऊस कारखान्यात जातो, खालचे मूळ मात्र कित्येक वर्षे तेच राहते. आपण हे लहानपणापासून पाहत आलो म्हणून त्याचे नवल वाटत नाही. हेच काम एखाद्या मोठ्या वृक्षाने हजारो वर्षे केले तर काय होते, हे अमेरिकेत पाहावयास मिळते.

तेथील उटा राज्यात फिश लेक नावाचे सरोवर आहे. त्याच्या जवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या बेटावरील सर्वांत उंच शिखराच्या तिपटीहूनही वर, अ‍ॅस्पेन वृक्षांचे एक वन आहे. विस्तार ४३ हेक्टर. आपल्या मापाने सुमारे १०० आर्पां. पाहणारास तेथे ४७,००० च्या आसपास झाडे दिसतात. परंतु वनस्पतिशास्त्र सांगते की झाड एकच आहे. जमिनीखाली एकाच बीजापासून वाढलेले मुळांचे जाळे आहे आणि वर दिसणारी प्रत्येक खोडे त्याच जाळ्याचे कोंब आहेत. सर्वांचे मिळून वजन सुमारे ६,००० टन धरतात.

बर्टन बार्न्स आणि जेरी केम्परमन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ही गोष्ट प्रथम ओळखली. एकाच मुळाच्या झाडांना पालवी एकदम फुटते, शरदात पिवळा रंग एकदम चढतो, पानांची ठेवणही सारखी असते. नजर असली की एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. १९९२ मध्ये मायकेल ग्रँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनास पांडो हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मी पसरतो’ असा होतो. (महाभारतातील पांडूशी त्याचा संबंध नाही, हे वर्गात हमखास सांगावे लागते.) पुढे आनुवंशिक तपासणीनेही एकच झाड असल्याचे सिद्ध झाले. त्याचे वय मात्र कोणी नेमके सांगू शकत नाही. पूर्वी सरळ ८०,००० वर्षे असे छापत असत. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासाने १६,००० ते ८०,००० एवढा मोठा पल्ला दिला. लहान आकडा घेतला तरी त्या काळी जगात कोठेही शेती नव्हती.

या वृक्षाचे पान कधी स्थिर नसते. देठ गोल नसून चपटा असतो आणि पानाच्या पात्याशी आडवा बसलेला असतो. त्यामुळे वाऱ्याची लहानशी झुळूकही त्यास हलविते. फ्रेंच भाषेत या झाडास त्रांब्ल म्हणतात. आपल्या मुलांना त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. थरथरणे या अर्थाचे क्रियापद ती क्रेओलमध्ये रोज वापरतात. युरोपातील जुनी ख्रिस्ती दंतकथा अशी की येशूचा क्रूस अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा होता, म्हणून ते झाड अजून कापते आहे. आपल्याकडे पिंपळाचे पानही असेच हलते. संस्कृतात पिंपळास चलदल असे एक नाव आहे. पण त्या हलण्यात आपल्या पूर्वजांना भीती दिसली नाही; त्यांनी त्या झाडाला पार बांधला, प्रदक्षिणा घातल्या. पान तसेच, वारा तसाच, अर्थ मात्र माणसाने आपापला लावला.

आजकाल अ‍ॅस्पेन हे ऐक्याचे प्रतीक मानले जाते. खोडे अनेक, मूळ एक. शाळकरी मुलांनी आग्रह धरल्यावर २०१४ मध्ये उटाने त्यास आपला राज्यवृक्ष केले, तेव्हाही हाच विचार पुढे आला होता. आपल्या सभा-समारंभांतही ‘आपले मूळ एक’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! वाक्य खोटे नाही. पण ते अर्धेच आहे असे आम्हांस वाटते, आणि पांडोची आजची स्थिती पाहिली म्हणजे राहिलेले अर्धे कोणते ते कळते.

अ‍ॅस्पेनचे एक खोड साधारण शंभर-सव्वाशे वर्षे जगते. उभे खोड मुळाकडे एक द्रव्य पाठविते, त्याने खालचे कोंब दबलेले राहतात. खोड मेले किंवा वणव्यात जळले की तो दाब सुटतो आणि मूळ नवे कोंब वर सोडते. म्हणूनच आगीला हे वन पुरून उरले. पांडोमध्ये आजही कोंब फुटतात. पण ते वाढत नाहीत. हरणे ते कोवळेपणीच खुडून खातात; वर्षातील काही दिवस गुरेही तेथे चरतात. हरणांना धाकात ठेवणारे लांडगे माणसाने पूर्वीच मारून टाकले. परिणाम असा की वनाच्या बऱ्याच भागात म्हातारी खोडे आहेत, घोट्याएवढे कोंब आहेत, मधली पिढी नाही. आणि मूळ काही स्वतःच्या बळावर जगत नाही. त्याचे अन्न पाने तयार करतात. वर हिरवे राहिले नाही तर खाली हजारो वर्षांचे मूळही उपाशी मरते.

आम्हा मराठी शिकविणाऱ्यांना ही मधली पिढी शोधावी लागत नाही. घरात आजी मराठी बोलते, नातू वर्गात बाराखडी म्हणतो, आणि त्या दोघांमधली माणसे मराठी समजतात पण उत्तर क्रेओलमध्ये देतात. नातवाची बाराखडी ऐकून आपण सारे टाळ्या वाजवितो. तो दहा वर्षांनंतर कोणाशी बोलेल, हे कोणी विचारीत नाही.

हरणांची ही खोड आपल्या बेटालाही परकी नाही. जावा बेटातील हरीण डच लोकांनी १६३९ मध्ये येथे आणले. तेव्हापासून आपल्या जंगलांतील देशी झाडांची रोपे त्यांच्या आणि रानडुकरांच्या तोंडी जात आहेत. म्हणूनच ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात ब्रीझ फेरसारखे तुकडे कुंपण घालून राखावे लागले.

उटामध्येही तोच उपाय चालू आहे. २०१३ आणि २०१४ मध्ये पांडोच्या काही भागाभोवती उंच कुंपणे घातली गेली. जेथे कुंपण पक्के होते तेथे थोड्याच वर्षांत कोंब हरणांच्या तोंडापलीकडे गेले, मूळ अजून जोमात असल्याचे त्यावरून दिसले. जेथे जुनेच कुंपण वापरले तेथे हरणे उडी मारून आत येत राहिली, आणि काम फुकट गेले. २०२२ च्या पाहणीत वनाचा निम्म्याहून अधिक भाग कुंपणाबाहेरच होता. तेथे जुनी खोडे एकामागून एक पडत आहेत, आणि त्यांच्या बुंध्यापाशी दर वसंतात नवे कोंब फुटत आहेत.