नेपल्सचं तोंडीलावणं

इटलीचं नाव निघालं की लाल सॉसमध्ये माखलेली स्पॅगेटी डोळ्यांसमोर येते. त्यामुळे पाहुण्यांसाठी टोमॅटो-चीजचं डिप करायला घेतलं, की हे त्या अस्सल पदार्थाचं हल्लीचं, पार्टीपुरतं सोपं केलेलं रूप असणार, असं आपण धरून चालतो. नेपल्सची जुनी पाकपुस्तकं मात्र नेमकं उलट सांगतात. तिथे टोमॅटोचा सॉस आधी वाटीत आला, तोंडीलावणं म्हणून. पास्त्याशी त्याची गाठ पडली ती जवळजवळ शंभर वर्षांनी.

टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या 'तोमात्ल' या शब्दावरून त्याचं नाव आलं आणि स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इटलीत त्याची पहिली नोंद १५४४ची, पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली या वैद्याच्या ग्रंथातली. त्याने या नव्या फळाला वांग्याच्या पंगतीला बसवलं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते बरोबरच होतं, दोन्ही एकाच कुळातली. बंगालीत टोमॅटोला 'बिलिती बेगुन', म्हणजे विलायती वांगं म्हणतात, तेव्हा मला मात्तिओली आठवतो. इतक्या लांबच्या दोन प्रदेशांतल्या माणसांना हे अनोळखी फळ पाहून एकच भाजी आठवली! १५५४च्या आवृत्तीत मात्तिओलीने 'पोमी दोरो', सोन्याची सफरचंदं, हे नाव नोंदवलं. मधल्या काळात, ३१ ऑक्टोबर १५४८ रोजी, पिसा शहरात ड्यूक कोझिमो द मेदिचीच्या वाड्यावर टोमॅटोची एक टोपली पोचली आणि ती सुखरूप मिळाल्याचं पत्र कारभाऱ्याने धाडलं. खाण्यापेक्षा त्याचं नवलच तेव्हा जास्त होतं.

नंतर दीडशे वर्षं गेली, आणि आला अंतोनिओ लातिनी. लहानपणीच अनाथ झालेला हा मुलगा मोठ्या घरांतली पडेल ती कामं करत वर चढला आणि नेपल्समध्ये एका बड्या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या घरी मेजवान्यांचा मुख्य कारभारी झाला. नेपल्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. पाहुणे कसे बसवायचे, काय वाढायचं, कोणत्या क्रमाने वाढायचं, हेच त्याचं काम. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १६९२ साली छापला गेला आणि त्यात 'स्पॅनिश पद्धतीच्या' टोमॅटो सॉसची कृती आहे. पिकलेले सहा टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, सुरीने बारीक चिरायचे. त्यात बारीक कांदा, मिरची, रानओव्याच्या जातीची एक सुवासिक पाती, मीठ, तेल, व्हिनेगर. संपलं. उकडलेल्या मांसाबरोबर हे चांगलं लागतं, असं तो सांगतो. वांग्याचं भरीत करणाऱ्या हाताला यात नवं शिकण्यासारखं काहीच नाही.

पास्ता त्या काळात किसलेल्या चीजबरोबर खाल्ला जायचा. टोमॅटो त्याला भेटला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि इप्पोलितो काव्हालकांतीच्या १८३९च्या पुस्तकात शेवयांबरोबर टोमॅटो ठळकपणे दिसतो. पुढे १८९१मध्ये पेल्लेग्रिनो आर्तुझीने आपल्या गाजलेल्या पाकपुस्तकात टोमॅटो सॉसचे उपयोग सांगितले, तेव्हाही आधी नाव घेतलं उकडलेल्या मांसाचं, पास्त्याचं त्यानंतर. तोंडीलावण्याची ओळख सहज पुसली जात नाही.

चीज यात मिसळलं त्याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण म्हणजे नेपल्सच्या घरोघरी होणारी 'स्कामोर्झा आल्ला पिझ्झायोला'. पिझ्झायोला म्हणजे टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल आणि ओरेगॅनोचा सॉस. स्कामोर्झा हे गाईच्या दुधाचं, गळ्याशी सुतळी बांधून टांगलेलं, पेरच्या आकाराचं चीज. उकळत्या सॉसवर त्याच्या चकत्या ठेवायच्या, झाकण घालायचं, वितळलं की पातेलं तसंच टेबलावर. मग पाव मोडून, पुसून खायचं. ताटातला शेवटचा सॉस पावाने टिपून घेण्याला इटालियनमध्ये 'स्कार्पेत्ता', छोटा बूट, असा शब्दच आहे. आपण आमटीचं ताट भाकरीच्या शेवटच्या घासाने निपटतो, तेच हे.

माझ्या घरी दिवाळीच्या पाहुण्यांसाठी हेच होतं. सहा माणसांना अर्धा किलो चांगले लाल टोमॅटो पुरतात. बाजारात कडक, जाड सालीचे टोमॅटो सर्रास मिळतात. ते ट्रकचा प्रवास सोसतात, पण सॉसला हवा तो मऊपणा त्यांच्यात नसतो. म्हणून ते दोन-तीन दिवस टोपलीत पिकू द्यावेत, फ्रिजमध्ये ठेवू नयेत. लातिनीसारखे गॅसवर भाजले तर सालही सुटते आणि धुराचा वासही लागतो. बिया मात्र फेकू नका. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७मध्ये दाखवून दिलं, की टोमॅटोच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात ग्लुटामेट जास्त असतं. टोकियोत किकुनाए इकेदांनी १९०८मध्ये ओळखलेली 'उमामी' ही चव त्यातूनच येते. मुरलेल्या पार्मेजानो चीजमध्येही तेच द्रव्य भरपूर असतं, म्हणून ही जोडी इतकी जमते.

तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल मंद आचेवर ठेवून दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या सोनेरी होऊ द्या. लसूण करपला तर सगळा सॉस कडू होतो. त्यात टोमॅटो आणि मीठ, आणि वीस मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत. आंबटपणा टोचत असेल तर चिमूटभर साखर चालेल, पण मी आधी पाच मिनिटं जास्त शिजवून पाहते. ओरेगॅनो शेवटी, तळहातावर चुरडून.

आता चीज. मोझ्झारेल्ला आणि स्कामोर्झा दोन्ही एकाच घराण्यातली. दूध आंबवून त्याचा दही-गोळा आम्ल झाला की त्यातलं कॅल्शियम सैल होतं, मग गरम पाण्यात मळून तो तारेसारखा ताणता येतो. ही ताण धरण्याची शक्ती पुन्हा गरम केल्यावर परत येते, पण उकळत राहिलं तर प्रथिनं आवळतात, पाणी आणि तूप बाहेर पडतं आणि हातात रबर येतं. म्हणून गॅस बंद करून मगच दोनशे ग्रॅम चीज वर ठेवावं आणि चार मिनिटं झाकावं. पाण्यातलं ताजं मोझ्झारेल्ला असेल तर अर्धा तास गाळणीत निथळू द्या. नेपल्सच्या काम्पानिया प्रांतातलं नामांकित मोझ्झारेल्ला म्हशीच्या दुधाचं असतं आणि तिथली म्हैस आपल्या पंढरपुरी म्हशीसारखीच 'नदी' प्रकारातली. तो प्रकार माणसाळला तो भारतीय उपखंडातच.

शाकाहारी पाहुणे असतील तर एक गोष्ट आधीच पाहा: अस्सल पार्मेजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटने बनतं, त्याच्या नियमांतच तसं आहे. माझ्याकडे असे पाहुणे असतात, म्हणून मी पार्मेजानो न घालता लेबलवर सूक्ष्मजीवी रेनेट लिहिलेलं मोझ्झारेल्ला आणते. कुणी विचारण्याआधीच सांगून टाकते.

जाड बुडाचं भांडं घ्या, कारण चीज थंड झालं की घट्ट होतं. गोव्याची पोई मिळाली तर भाजून, लसूण चोळून द्या. लादीपाव असेल तर तव्यावर कडक करा. भांडं मधोमध ठेवायचं, वाट्यांत वाटून द्यायचं नाही. वाटून दिलं की चीजच्या तारा तुटतात आणि बोलणंही थांबतं.