घडी नीट बसली पाहिजे

छापखान्यातून लग्नपत्रिकांचा गठ्ठा घरी आला की पहिली पत्रिका गणपतीपुढे जाते, दुसरी कुलदैवताला. कोपऱ्यांना हळद-कुंकू लागतं, याद्या निघतात आणि वाटप सुरू होतं. लग्न-मुंजीपुरता हा रिवाज अजून टिकून आहे. बारसं, डोहाळजेवण, मंगळागौर, मुलांचे वाढदिवस यांची गोष्ट वेगळी. वीस-पंचवीस माणसांसाठी छापखान्यात कोण जाणार? मग मोबाइलवर एक चित्र फिरतं आणि संध्याकाळपर्यंत ते शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडलं जातं. हातानं केलेल्या निमंत्रणाला जागा आहे ती नेमकी इथे.

ते करायला बसणारे मात्र बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी चमकी, टिकल्या, लेस यांची खरेदी होते आणि कागद हाताशी असेल तो घेतला जातो. वास्तविक निम्मं काम कागदच करतो आणि उरलेल्यातलं निम्मं घडी.

कागदाच्या बाबतीत महाराष्ट्र काही नवशिका नाही. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं. महंमद तुघलकानं १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात आलेल्या कारागिरांनी हे गाव वसवलं, असं सांगतात. पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद जागोजागी भेटतो. पुढे गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि कागद्यांचे हौद एकेक करून कोरडे पडले.

त्यांत पुन्हा पाणी भरलं ते स्वातंत्र्यचळवळीनं. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याहून त्याचं काम जे. सी. कुमारप्पा पाहत. हातकागद हा संघानं हाती घेतलेल्या उद्योगांपैकी एक. घरगुती धंदा म्हणून कागद कसा करावा, यावर के. बी. जोशी यांनी पुस्तकच लिहिलं. १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. ती ज्या रस्त्यावर आहे, त्याला आज जोशींचं नाव आहे. कुमारप्पांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्था जयपूरजवळ सांगानेरला आहे.

सुती हातकागदासाठी झाड तोडावं लागत नाही. कपड्यांच्या कारखान्यात उरलेली कतरण हा त्याचा कच्चा माल. तिचे बारीक तुकडे करून बीटर यंत्रात पाण्याबरोबर लगदा करतात. पूर्वी हेच काम पायानं चालवायच्या ढेकीवर होई. लगदा हौदातल्या पाण्यात मिसळला की कारागीर जाळीचा साचा त्यात बुडवतो आणि सपाट धरून वर उचलतो. उचलता उचलता तो साचा मागेपुढे आणि आडवा असा दोन्ही अंगांनी हलवतो. पाणी निथळतं, जाळीवर तंतूंचा थर राहतो. तो ओल्या कापडावर उलटा करायचा, त्यावर पुन्हा कापड, पुन्हा थर. मग सगळी चळत दाबयंत्राखाली जाते आणि ताव वाळत पडतात. शाई फुटू नये म्हणून खळ चढवतात आणि शेवटी घोटतात. जुने कारागीर गुळगुळीत दगडानं घोटत.

साचा दोन्ही अंगांनी हलवण्यात मोठी खुबी आहे. त्यामुळे तंतू एकमेकांत सगळीकडून गुंततात आणि हातकागदाची घडी कोणत्याही बाजूनं घातली तरी सहसा तडकत नाही. यंत्रावर कागद एकाच दिशेनं धावतो, तंतूही बहुतांशी त्याच दिशेला पडतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती धारदार बसते. आडवी घातली तर जाड कागदाला पांढऱ्या चिरा पडतात. कार्डपेपर हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. जिकडून सहज वाकेल, घडी तिकडूनच घालायची.

बाजारातल्या बहुतेक ए-४ कागदांत तंतू लांबीच्या बाजूनं असतात, आणि हे आपल्या पथ्यावरच पडतं. २५० जीएसएमचा एक ताव घ्या, २१० बाय २९७ मिलिमीटरचा. तो रुंदीच्या रेषेत मधोमध कापला की दोन अर्धे ताव मिळतात. प्रत्येकाची लांब बाजू निम्मी दुमडली की घडी आपोआप तंतूंच्या दिशेनं पडते आणि १०५ बाय १४८चं कार्ड तयार होतं. सी-६ मापाच्या, म्हणजे ११४ बाय १६२च्या पाकिटात ते अलगद बसतं. घडी घालण्याआधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्या. एवढ्या एका रेघेनं घरगुती कार्डाला कारागिराच्या हाताची सफाई येते.

मुलांसाठी कार्ड असेल तर उघडताच चित्र उभं राहायला हवं. त्याचं गणित सोपं आहे. कार्ड मिटलेलं ठेवून घडीच्या बाजूनं दोन समांतर चिरा द्या, एकमेकींपासून दोन सेंटीमीटरवर, तीन सेंटीमीटर लांब. मधली पट्टी मागेपुढे दुमडून घ्या, कार्ड उघडा आणि ती आत ढकला. काटकोनात उघडलं की आत एक पायरी तयार होते. तिच्या उभ्या बाजूवर केक, हत्ती, आगगाडी, काय हवं ते चिकटवा. नियम दोनच: चिरेची लांबी कार्डाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी हवी आणि चित्राची उंची अधिक चिरेची लांबी रुंदीच्या आत राहायला हवी. नाहीतर कार्ड मिटल्यावर चित्राचं टोक बाहेर डोकावतं.

चीर आणि घडी यांचंच हे शास्त्र मोठ्या पुठ्ठ्यावर नेलं की गणपतीचं मखर होतं. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठ्याच्या मखरांना पुन्हा मागणी आली. बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद ताणला की आकाशकंदील. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कात्री धरलेल्यांना यातलं काहीच अवघड नाही.

डिंक म्हणाल तर मैद्याची खळ अजूनही उत्तम. चमचाभर मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. ब्रशनं पातळ लावा आणि चिकटवलेलं काम रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. ओला कागद मोकळा सोडला की वाकडा होणारच. हातकागदावर लिहिण्याआधी तुकड्यावर पेन चालवून बघा. खळ कमी असेल तर शाई पसरते. त्याच्या झालरदार कडा मात्र कापू नका. साच्याच्या चौकटीखाली झिरपलेल्या लगद्यानं त्या घडवलेल्या असतात आणि विकतच्या कोणत्याही लेसपेक्षा शोभून दिसतात.

राहता राहिला मजकूर. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’पर्यंतचा साचा पाचशे जणांसाठी ठीक आहे. पंचवीस जणांना लिहिताना त्याची गरज नाही. तारीख, वेळ, पत्ता ठळक लिहा. वर मावशीला मावशीसारखं आणि मित्राला मित्रासारखं एक वाक्य प्रत्येक कार्डात वेगळं असू द्या. छापील पत्रिकेला जे जमत नाही ते हेच, आणि हातानं करण्याचा खरा फायदाही हाच.

याला मर्यादा आहे, तीही ओळखावी. यादी शंभरावर गेली की मुकाट्यानं गिरगावातला खाडिलकर रोड किंवा जवळचा छापखाना गाठावा. थकलेल्या हातानं केलेली शेवटची पन्नास कार्डं कुणाचाच मान राखत नाहीत. पण यादी तिशीच्या आत असेल, तर येत्या वाढदिवसाला चमकीचं पाकीट दुकानातच राहू द्या. त्या पैशांत चांगल्या कागदाचे चार ताव जास्त आणा आणि मुलांना आधी घडी घालायला शिकवा.