पुढचा ब्रेक चिकटतोय? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

फोन गरम झाला की आपण लगेच बाजूला ठेवतो. पण गाडीचं एकच चाक गरम झालं तर?

दासगावला माझ्या काकांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, तीच गाडी. पावसाळाभर ती अंगणात उभी होती. दिवाळीत आम्ही तिच्यातून प्रतापगडला निघालो. महाड ओलांडलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. पोलादपूरला थांबलो तर पुढच्या डाव्या चाकातून जळका वास! पुढे आंबेनळी घाट. बेत तिथेच रद्द केला.

एवढं घाबरायचं कारण काय?

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. चिकटलेला ब्रेक सतत घासून तापतो. घाट उतरताना ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. ब्रेक लागतच नाही.

एका गॅरेजमध्ये व्हील सिलेंडर बदलून घेतला. पैसे गेले, वास तसाच. काका म्हणाले, "अरे, विकून टाकू या आता हिला." मी म्हटलं, "काका, एक रविवार द्या मला."

पायरी १: नक्की कुठलं चाक?

थोडी गाडी चालवा, शक्यतो कमी ब्रेक लावून. थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, पण ड्रमला लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल तर दोष बहुतेक त्याच चाकाजवळ. दोन्ही तापत असतील तर आधी मास्टर सिलेंडर आणि पेडलचा फ्री प्ले बघा.

पायरी २: चाक फिरवा

सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकसोबत स्टँड. नुसत्या जॅकवर काम करू नका. ब्रेक जोरात दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. हलकी घासण चालते, पण चाक अडायला नको. फोनवर दोन्ही चाकांचा व्हिडिओ घ्या, फरक लगेच दिसतो.

चाक अडलेलं असतानाच तपासा. थोड्या वेळाने ते आपोआप मोकळं होऊ शकतं. मग गॅरेजला गेल्यावर गाडी एकदम शहाण्यासारखी वागते, सर्व्हिस सेंटरमध्ये फोन वागतो तशी!

पायरी ३: ब्लीडिंग निपल

खरी गंमत इथे आहे. चाकाच्या मागे, व्हील सिलेंडरवर छोटं निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडा आणि पान्याने निपल अर्धा फेरा सैल करा.

- चाक मोकळं झालं: आत ऑइलचा दाब अडकला होता.
- चाक अडलेलंच राहिलं: दोष ड्रमच्या आत आहे. गंजलेला पिस्टन, सैल पडलेली स्प्रिंग किंवा जास्त घट्ट केलेलं ॲडजस्टमेंट.

आमचं चाक ऑइलची एक पिचकारी मारून मोकळं झालं. म्हणजे ड्रम उघडायची गरजच नव्हती!

पायरी ४: दाब अडला कुठे?

निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबला, चाक परत अडलं. आता रबरी होज पाइप बॉडीकडच्या लोखंडी पाइपला जिथे जोडलाय, तो नट सैल केला. इथे चाक सुटलं असतं तर दोष वर, मास्टर सिलेंडरकडे. ते सुटलं नाही. निपल उघडल्यावरच सुटलं. म्हणजे गुन्हेगार मधला होज पाइप.

बाहेरून तो ठणठणीत दिसत होता. पण जुनं रबर आतून फुगतं आणि वाट अरुंद होते. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं. परत ढकलायला मात्र ब्रेक शूच्या स्प्रिंगचाच जोर असतो, तो पुरत नाही. ऑइल अडकतं आणि शू ड्रमला चिकटून राहतात.

आम्ही पुढचे दोन्ही होज बदलले, नवीन ऑइल भरलं आणि ब्लीडिंग करून हवा काढली. नट किंवा निपल उघडलं की ब्लीडिंग करावंच लागतं.

हे लक्षात ठेवा

ब्रेक ऑइल डोळ्यांत जाऊ देऊ नका, चष्मा घाला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. ड्रमधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पहिल्यांदा करताना जाणकार माणूस सोबत हवाच.

बाईकच्या डिस्क ब्रेकलाही असंच निपल असतं, आणि चाचणीमागचा विचारही तोच: आधी दोष अर्ध्यावर आणा, मग खर्च करा.

आधी मोकळ्या मैदानात, मग महाडपर्यंत जाऊन आलो. दोन्ही चाकं सारखीच कोमट. पुढच्या रविवारी आंबेनळी चढलो, आणि मुख्य म्हणजे नीट उतरलो. विकायचा विषय काकांनी परत काढलेला नाही.