जमिनीला जस्त, माणसाला आयोडीन

भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडले, रोपे खुजी राहिली, की जाणता शेतकरी ओळखतो: जमिनीत जस्त कमी पडले. तिथे युरियाची पोती रिकामी करून उपयोग नसतो. थोडेसे झिंक सल्फेट मात्र पीक सावरते. लागते अगदी थोडे, पण नसले तर सारे अडते, अशा द्रव्यांना आपण सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतो. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. त्यातले फार मोलाचे द्रव्य म्हणजे आयोडीन.

गळ्यातली लहानशी ग्रंथी

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड किंवा अवटू ग्रंथी म्हणतात. तिच्यातून रक्तात जो रस मिसळतो, त्यावर शरीराची ऊब, हृदयाची गती, अन्नाचा उपयोग आणि मुलांची वाढ अवलंबून असते. हा रस आयोडीनवाचून तयारच होत नाही. आयोडीन कमी पडले की ग्रंथी जास्त राबू लागते, फुगते आणि गळ्याला गाठ दिसते. हाच गलगंड.

मोठ्या माणसाला रोज साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. एका ग्रॅमचे साडेसहा हजार भाग केले, तर त्यातला जेमतेम एक. सत्तर वर्षांच्या आयुष्याचे सारे आयोडीन एकत्र केले तरी चार ग्रॅम भरत नाही. पण ते रोजच्या रोज पोटात जावे लागते.

गळ्याची गाठ निदान दिसते तरी. न दिसणारे नुकसान मोठे आहे. पोटातल्या बाळाची ग्रंथी नीट काम करू लागेपर्यंत त्याचा मेंदू आईच्या रसावर वाढतो. त्या दिवसांत आईला आयोडीन फारच कमी पडले, तर मूल मंदबुद्धी, मुके-बहिरे किंवा खुजे होऊ शकते. हे नुकसान पुढे औषधाने भरून येत नाही. म्हणून घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर मिठाची चौकशी आधी करावी.

कांगडा खोऱ्याने दाखवलेली वाट

पाऊस आणि पूर जमिनीतले आयोडीन धुऊन नेतात. मग त्या जमिनीतल्या धान्यात, भाजीत ते उतरत नाही. हिमालयाच्या पायथ्याचे असेच झाले होते. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात सुमारे लाखभर लोकवस्तीचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन घातलेले मीठ दिले, एका भागाला साधे. काही वर्षांत आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही भागांत गलगंड झपाट्याने उतरला. साध्या मिठाच्या भागात तो तसाच राहिला. १९६२ साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे हा आजार डोंगराळ भागापुरता नाही, महाराष्ट्रातही त्याचे पट्टे आहेत, असे आढळले. माणसांच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर २००६ पासून देशभर बंदी आहे.

बाजरी सोडायची का?

बाजरीत थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारी काही द्रव्ये असतात. सुदानच्या दार्फूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीन कमी, म्हणून तिथे गलगंड फार दिसला. पण यासाठी आपली भाकरी सोडायला नको. मीठ आयोडीनचे असावे आणि ताटात ज्वारी, डाळ, भाजी यांची पालट असावी. कोबी, फ्लॉवर शिजवून खाल्ले की त्यांचा उपद्रव बराच कमी होतो.

एकटे आयोडीन पुरत नाही

ग्रंथीला आयोडीन वापरता यावे म्हणून लोह लागते. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी, तिला आयोडीन मिळूनही त्याचा पुरा उपयोग होत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. तेव्हा हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, वर लिंबू आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या यांत कुचराई नको.

ग्रंथीच्या रसाला कामाच्या रूपात आणायला सेलेनियम हे आणखी एक द्रव्य लागते, तेही कणभर. मात्र अति तिथे माती. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्याच्या काही गावांत अनेकांचे केस अचानक गळाले. तपासणीत शरीरातले सेलेनियम वाढलेले आढळल्याचे सांगण्यात आले. म्हणून कोणी सांगितले म्हणून अशा गोळ्या मनाने घेऊ नयेत.

घरात काय पाळावे?

पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेले पाहूनच मीठ घ्या. गुरांसाठी मिळणारे स्वस्त, सुटे मीठ घरच्या स्वयंपाकात वापरू नका. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा. ओल आणि उष्णता यांनी आयोडीन उडून जाते. खडे मीठ धुऊन घेतले तर तेही पाण्याबरोबर जाते. भाजी शिजत आल्यावर मीठ घालावे. आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त मात्र खाऊ नये, त्याने रक्तदाब वाढतो.

गुरांनाही हे द्रव्य लागते. गाभण गाई-शेळ्यांना आयोडीन कमी पडले, तर पिल्ले अशक्त, कधी बिनकेसांची किंवा मेलेली जन्मतात. खनिज मिश्रण द्यायचे ते पशुवैद्यांना विचारून.

थायरॉईडचा प्रत्येक आजार आयोडीनअभावी होतो असे नाही. सतत थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, पाळी बिघडणे, गळ्याला गाठ असे काही दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून रक्त तपासून घ्या. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. ती सकाळी रिकाम्या पोटी घ्यावी आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

जमिनीची माती आपण तपासून घेतो. तशीच आज घरातली मिठाची पिशवीही एकदा पाहावी.