पाहुण्या खासदारांचे स्वागत : भूतानचे उदाहरण



संसद म्हणजे काय, हे आपण मुलांना शिकवतो. पण दुसऱ्या देशाचे खासदार आपल्या संसदेत आले तर काय होतं, हे सांगतो का?

लोकसभेत पाहुण्यांसाठी खास कक्ष असतो. शिष्टमंडळ तिथे बसलं की अध्यक्ष सभागृहाच्या वतीने त्यांचं स्वागत करतात आणि त्यांच्यामार्फत तिथल्या संसदेला व जनतेला शुभेच्छा पाठवतात. सदस्य बाकं वाजवतात.

आता भूतान पाहा. तिथे राजानेच सत्ता लोकांकडे सोपवायचं ठरवलं. लोकांना अशा मतदानाची सवय नव्हती, म्हणून २००७ मध्ये सराव निवडणूक घेतली. पक्ष काल्पनिक, नावं रंगांची : पिवळा, लाल, निळा, हिरवा. मार्च २००८ मध्ये खरी निवडणूक होऊन राष्ट्रीय सभेचे ४७ सदस्य निवडून आले. २०१३ मध्ये सत्ताधारी पक्ष हरला आणि सत्ता शांतपणे दुसऱ्या पक्षाकडे गेली.

अशा देशाचे खासदार आले तर "आम्ही मोठे, आमच्याकडून शिका" असं म्हणायचं का? मुळीच नाही. ४७ जणांची सभा असो की ५४३ जणांची, दोन्ही लोकांनीच निवडलेल्या. म्हणून स्वागत बरोबरीच्या नात्याने व्हायला हवं.

सराव निवडणूक तर आपणच त्यांच्याकडून घ्यावी! वर्गमंत्री निवडताना रंगांचे पक्ष करा, गुप्त चिठ्ठ्या टाका, सर्वांसमोर मोजा. शेवटी हरलेल्या गटाने जिंकलेल्याचं अभिनंदन करायचं. हा भाग मात्र गाळू नका; खरा धडा तोच आहे.