'मोठा मास्टर' : ब्रेकच्या परिभाषेतील एक भ्रम

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट लागतो. जुन्या ट्रकला ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक बसवून तो ह्या घाटातून उतरवावयाचा, तर मास्टर सिलिंडर कोणता निवडावा हा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा ठरतो. भाषेच्या अभ्यासकाने ह्यात का पडावे, असे कोणी विचारील. कारण इतकेच की, येथील चूक पुष्कळदा शब्दापासून सुरू होते.

'ब्रेक कमी लागतो, मोठा मास्टर टाका' हा सल्ला गॅरेजात सहज मिळतो. 'मोठा' म्हणजे 'अधिक समर्थ' हा लक्ष्यार्थ येथे वस्तुस्थितीच्या नेमका उलट जातो. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलची तरफ ६ पट धरली, तर दट्ट्यावर १८० किलो भार येतो. २५.४ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात त्यापासून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेपस्तीस किलो दाब उत्पन्न होतो, ३१.७५ मिलिमीटर व्यासात तो तेवीसच्या आतच राहतो. वाढते ते केवळ ढकलल्या जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण.

तथापि तो सल्ला सर्वस्वी निराधार नव्हे. डिस्कच्या कॅलिपरमधील दट्ट्ये रुंद असल्याने त्यांस द्रव अधिक लागतो. शिवाय ड्रमप्रमाणे डिस्क आपली पकड आपणच घट्ट करीत नसल्याने दाबही अधिक हवा. ह्या परस्परविरोधी मागण्यांचा मेळ व्हॅक्यूम बूस्टर घालतो. (डिझेल इंजिनास त्यासाठी निराळा व्हॅक्यूम पंप लागतो.) बूस्टर नसल्यास लहान व्यास व पेडलची लांब चाल पत्करावी, असे माझे मत आहे, मात्र पेडल तळास टेकता कामा नये.

जुना मास्टर बहुधा एकेरी असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून दुहेरी मास्टरच घ्यावा. ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखणारी झडप डिस्कच्या नळीवर राहू देऊ नये, अन्यथा पॅड घासत राहतात. पेडलची दांडी व दट्ट्या यांत एक-दोन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. ती नसल्यास परतीचे बारीक छिद्र उघडत नाही, तापून प्रसरण पावलेला द्रव कोंडतो आणि चाके जखडतात.

'ब्रेक ऑइल' हा शब्दही असाच फसवा. ते तेल नव्हे. सामान्यतः ग्लायकोलयुक्त द्रव होय. नावावर विसंबून इंजिनाचे ऑइल ओतल्यास रबरी वॉशर फुगून निकामी होतात. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ ही खूण पाहूनच तो भरावा.