कडेसाठी कोणता सँडर?

लाकूडकामाची यंत्रं : भाग 6

छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपास किंवा सातारा परिसरातल्या नव्या इमारतींत शिरलं, की कुठल्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू आहे हे जिन्यातच ऐकू येतं. आत कारागिराच्या हातात बहुतेक वेळा चार इंची ग्राइंडर असतो, त्यावर पेपरची चकती, आणि त्यानेच दारांच्या कडा घासणं चालतं. काम झटपट उरकतं. पॉलिश चढल्यावर मात्र खिडकीच्या तिरप्या उजेडात कडेवर लाटा दिसतात. मागच्या भागात कडा छाटणारा ट्रिमर पाहिला. त्याने कडेची लाकडी पट्टी प्लायच्या पातळीला आणली की पुढचं काम सँडरचं. इथे निवड चुकते, कारण दुकानात आपण वॅट विचारतो. आपली कड किती रुंद आहे ते सांगत नाही.

आपल्याकडच्या कपाटाची कड 18-19 मिलिमीटरची. तिला सागवानाची पट्टी, म्हणजे लिपिंग, आणि दर्शनी बाजूला व्हिनियर. 4 मिलिमीटरच्या व्हिनियर शीटमध्ये खरं सागवान असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर, खाली साधा प्लाय. ही दोन मापं डोक्यात ठेवूनच यंत्र निवडायचं.

ग्राइंडर आधी बाजूला ठेवा. मिनिटाला 11,000 फेरे घेणाऱ्या 100 मिलिमीटरच्या चकतीच्या परिघाचा वेग सेकंदाला 50 मीटरच्या वर जातो. बेल्ट सँडरचा पट्टा सेकंदाला चार-पाच मीटर पळतो. ग्राइंडरच्या इतक्या वेगात हात क्षणभर रेंगाळला तरी खड्डा पडतो आणि सागवान करपतं. तो डाग पॉलिशखाली आणखी उठून दिसतो.

बेल्ट सँडर ताकदीचा, लाकडाच्या रेषेच्या दिशेने सरळ कापणारा. पण 75 मिलिमीटर रुंदीचं जड यंत्र 19 मिलिमीटरच्या कडेवर तोलून धरणं अवघड. किंचित कललं की कडेचा काटकोन गेला आणि व्हिनियरचा पापुद्राही गेला. म्हणून कडेसाठी तो उलटा वापरावा. स्टँड मिळणारं मॉडेल घ्या, पट्टा वर करून टेबलाला पक्कं आवळा, बाजूला काटकोनात फळीची टेकण लावा आणि तुकडा पट्ट्यावरून न्या. ड्रॉवरच्या फळ्या, टेबलाचे पाय, छोटी दारं यांना याच्याइतकी सरळ कड दुसरा कुठलाही हातातला सँडर देत नाही. मोठ्या कारखान्यांतला उभ्या पट्ट्याचा एज सँडर हेच काम करतो. स्टँडशिवाय, पायात धरून वगैरे, हे कधीही करू नका.

सात फुटी दार मात्र असं उचलून धरता येत नाही. तिथे 125 मिलिमीटरचा रँडम ऑर्बिटल सँडर. त्याची चकती फिरता फिरता थरथरते, त्यामुळे ओरखडे एका रेषेत उमटत नाहीत. त्याचा दोष त्याच्या मऊ पॅडमध्ये आहे. अरुंद कडेवर दाब दिला की पॅड दोन्ही बाजूंनी खाली वाकतं आणि कोपरे गोल होतात. उपाय दोन. कडक पॅड वेगळं मिळतं का, हे यंत्र घेण्याआधीच विचारा. आणि एकसारखी तीन दारं क्लॅम्पने एकत्र आवळा, म्हणजे 57 मिलिमीटरची बैठक मिळते आणि यंत्र डुलत नाही. एकच दार असेल तर दोन्ही बाजूंना टाकाऊ प्लायच्या पट्ट्या आवळा.

पाव शीटचा चौकोनी सँडर स्वस्त, साधा काचपेपर फाडून लावता येणारा. त्याचा तळ सपाट, लाकूड काढण्याचा वेग कमी. व्हिनियरजवळ तो कमी वेगच उपयोगी पडतो.

घासण्याआधी व्हिनियर आणि लिपिंगच्या सांध्यावर पेन्सिलने आडव्या रेघा मारा. 120 नंबरच्या पेपरने लिपिंगवरच्या रेघा गेल्या आणि व्हिनियरवरच्या पुसट व्हायला लागल्या की थांबा. शेवटचा 180 चा हात लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळूनच मारा. आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अगदी पातळीत घासलेली सागवानाची पट्टी पावसाळ्यात फुगून नखाला लागू शकते. तो सँडरचा दोष नाही. पॉलिशचं सील कडेलाही चढवलं तर ती कमी फुगते.

धुळीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे. बंद फ्लॅटमध्ये दिवसभर ती छातीत घेणारा कारागीर आपल्याच घरासाठी राबत असतो. पिशवी किंवा व्हॅक्यूम जोडता न येणारं यंत्र घेऊच नका, आणि मास्कचा खर्च मालकाने करावा.

माझं मत स्पष्ट आहे. साइटवर फिरणाऱ्याने कडक पॅडचा, वेग कमीजास्त होणारा 125 चा रँडम ऑर्बिटल घ्यावा. स्वतःचं शेड असेल तर त्याच्या जोडीला स्टँडसह बेल्ट सँडर. खरेदीला जाताना लिपिंग लावलेला 19 मिलिमीटर प्लायचा एक तुकडा सोबत न्या आणि दुकानदाराला त्याच्या कडेवर यंत्र चालवून दाखवायला सांगा.